दिवाळीचा भाव : लॅपटॉपची किंमत उतरते म्हणजे नेमके काय होते?



भाऊबीज झाली की आपल्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. हलके धान कापून झालेले असते, भारी धान अजून बांधीत उभे असते आणि माणसांना चार घटका सवड असते. नागभीडकडच्या अशाच एका मंडईत मी उभा होतो. रात्रीच्या नाटकाचा मंडप उभारणे चालले होते. माझ्या ओळखीचे एक धानकरी हातात मोबाईल घेऊन आले. त्यांचा मुलगा चंद्रपूरला कॉलेजात शिकतो. त्याला लॅपटॉप हवा होता. मोबाईलवर जाहिरात होती : मूळ किंमत ७२,००० रुपये, दिवाळीनिमित्त ४८,५००, म्हणजे तेहतीस टक्के सूट. ते म्हणाले, “गुरुजी, साडेतेवीस हजार सोडून देऊन रायले म्हन्ते. मंग कंपनी जगते कशी जी? आन् पयले घेनारे का येडे होते?”

प्रश्न दोन होते आणि दोन्ही नेमके होते. मी त्या वेळी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. घरी आल्यावर मात्र मला चैन पडेना. धान कोणत्या भावाने विकावे याचा विचार आपण वर्षभर करतो, आणि धानाच्या पैशातून जी सर्वांत महाग वस्तू घ्यावयाची तिच्या भावाचा विचार पाच मिनिटांत उरकतो. म्हणून आज त्या दोन प्रश्नांची उत्तरे आपण सावकाश शोधू या.

पहिल्याने ही ७२,००० ची ‘मूळ किंमत’ म्हणजे काय ते पाहू. खोक्यावर जी छापलेली असते ती कमाल किरकोळ किंमत, म्हणजे आपण ज्याला एमआरपी म्हणतो ती. सर्व करांसह ही किंमत वेष्टनावर छापण्याची सक्ती आपल्या देशात १९९० साली आली. तिचा हेतू चांगला होता : दूर खेड्यातल्या दुकानदाराने ‘स्थानिक कर वेगळे’ असे सांगून गिऱ्हाइकाला लुबाडू नये. आज हा नियम २००९ चा वैधमापन कायदा आणि त्याखालचे २०११ चे आवेष्टित वस्तूंचे नियम यांत आहे. पण नियम एवढेच सांगतो की या आकड्याच्या वर विकू नका. तो आकडा किती असावा, वस्तू तयार करण्याच्या खर्चाशी त्याचे नाते काय असावे, याबद्दल लॅपटॉपच्या बाबतीत कायदा काही म्हणत नाही. आकडा कंपनीनेच ठरवावयाचा. म्हणजे ही कुंपणाची उंची झाली. आतले झाड किती उंच आहे ते तिच्यावरून कळत नाही.

आता समजा, तोच लॅपटॉप भादव्यात, गणपतीच्या दिवसांत, ५२,००० ला मिळत होता. ७२,००० ला तो कोणीच घेतला नाही. ती किंमत फक्त कागदावर होती. मग दिवाळीची खरी सूट साडेतेवीस हजार नव्हे, साडेतीन हजार. टक्केवारी काढावयाची तर साडेतीन हजार भागिले बावन्न हजार, म्हणजे पावणेसात टक्क्यांच्या जवळपास. तेहतीस टक्के आणि पावणेसात टक्के, दोन्ही उत्तरे गणिताने बरोबर आहेत. फरक आहे तो भागाकारात खाली कोणता आकडा ठेवला याचा. शिक्षकबंधूंना मी मुद्दाम सांगतो, सहावी-सातवीच्या वर्गात शेकडेवारी शिकवताना याहून जिवंत उदाहरण मिळावयाचे नाही. मुले पाया विसरतात असे आपण म्हणतो. मोठी माणसेही तोच विसरतात, आणि पैसे देऊन विसरतात.

त्यातच आणखी एक खुबी असते. सणाच्या आधी आठ-पंधरा दिवस भाव थोडा वर जातो. बावन्नचा पंचावन्न होतो. मग सणाच्या दिवशी तो साडेअठ्ठेचाळीस झाला की ‘गेल्या आठवड्यापेक्षा साडेसहा हजारांनी स्वस्त’ असे खरेखुरे सांगता येते. प्रत्येक वेळी असे होते असे मी म्हणणार नाही. युरोपीय संघात याला पायबंद घालणारा नियम मे २०२२ पासून लागू झाला. सूट जाहीर करताना त्याआधीच्या निदान तीस दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते आणि सूट तिच्यावरून मोजावी लागते. आपल्याकडे तीस दिवसांचा असा नियम नाही. तोवर ती तीस दिवसांची वही आपली आपणच ठेवावयाची.

धानकरी भाऊंचा पहिला प्रश्न होता, कंपनी जगते कशी. त्याचे अर्धे उत्तर इथेच मिळाले : साडेतेवीस हजार ती सोडतच नाही. पण साडेतीन हजार तरी का सोडते? इथे आपल्या नेहमीच्या अनुभवाला धक्का बसतो. चैत्रात मोहफुलाचा भाव पडतो, कारण त्या दिवसांत गडचिरोलीत ज्याच्या त्याच्या अंगणात मोह वाळत असतो. तोच मोह पावसाळ्यात शोधायला गेले तर महाग पडतो. माल फार तेव्हा भाव उणा, मागणी फार तेव्हा भाव चढा, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. मग दिवाळीत लॅपटॉपची मागणी वर्षातली सर्वांत मोठी असताना भाव चढावयाच्या ऐवजी उतरतो कसा?

याचे कारण असे की लॅपटॉप हा झाडाला लागणारा जिन्नस नाही. त्याचा हंगाम निसर्ग ठरवत नाही, कारखानदार ठरवतो. दिवाळी केव्हा आहे हे कंपनीला वर्षभर आधी ठाऊक असते. सुटे भाग कित्येक महिने आधी मागवले जातात, माल जुळवला जातो आणि दसऱ्याच्या आत गोदामांत येऊन पडतो. मागणी वाढते खरी, पण तिच्याआधी माल वाढलेला असतो.

दुसरे कारण माणसांच्या स्वभावातले आहे. जून-जुलैत ज्याला लॅपटॉप लागतो त्याला तो लागतोच. प्रवेश झाला, कॉलेज सुरू झाले, मुलगा हटून बसला. अशा गिऱ्हाइकाला फार मोठी सूट द्यावी लागत नाही. एखादी पिशवी, कानाला लावायचे यंत्र किंवा हमीची मुदत एक वर्षाने वाढवून देणे, एवढ्यावर बहुधा भागते. दिवाळीत मात्र घराचा प्रश्न निराळा असतो. हातात पैसा आहे आणि घ्यावयाचे काय ते ठरलेले नाही. फ्रिज घ्यावा की मोटारसायकल, सोने घ्यावे की टीव्ही, असा घरोघर खल चालतो. त्या दिवसांत लॅपटॉपवाल्याची झुंज दुसऱ्या लॅपटॉपवाल्याशी जेवढी, तेवढीच फ्रिजवाल्याशी असते. ज्याला थांबता येते त्याच्यासाठी भाव उतरतो, ज्याला थांबता येत नाही त्याच्यासाठी तो तसाच राहतो. सगळ्या सणासुदीच्या सवलतींच्या बुडाशी हेच आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही हेच आहे, भाऊ. पहिले घेणारे वेडे नव्हते. ते अडलेले होते.

तिसरे कारण म्हणजे माल शिळा होतो. संगणकाला बुरशी येत नाही, पण नव्या प्रोसेसरची घोषणा झाली की जुन्याची किंमत उतरते. दर जानेवारीत अमेरिकेत लास व्हेगास येथे इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे मोठे प्रदर्शन भरते आणि पुढच्या वर्षीच्या यंत्रांची वर्दी तिथे दिली जाते. तेव्हा दिवाळी ही जुन्या साठ्याला निरोप देण्याची अगदी सोयीची वेळ ठरते. हिशेबाची वर्षेही पाहण्यासारखी आहेत. एचपी कंपनीचे आर्थिक वर्ष ३१ ऑक्टोबरला संपते, डेलचे जानेवारीच्या अखेरीस, लेनोव्होचे आपल्या सरकारसारखे ३१ मार्चला. वर्ष किंवा तिमाही संपत आली की ठरलेला आकडा गाठण्यासाठी विक्रीखात्याची धावपळ सुरू होते. ज्यांनी सोसायटीच्या वसुलीचा मार्च पाहिला आहे त्यांना ही धावपळ कशी असते ते समजावून सांगायला नको.

ही सूट कोणाच्या खिशातून जाते? पुष्कळांना वाटते, दुकानदाराच्या. चंद्रपूरच्या दुकानात लॅपटॉपच्या विक्रीत राहणारा नफा फार मोठा नसतो. तो स्वतःच्या पदरचे साडेतीन हजार सोडू लागला तर त्याला दुकान बंद करावे लागेल. सर्वसाधारण रीत अशी की कंपनी घाऊक व्यापाऱ्याला माल देते, तो दुकानदाराला देतो, आणि भाव उतरवावयाचा झाला की कंपनी फरक मागाहून भरून देते. म्हणून एकाच कंपनीच्या एकाच यंत्राचा भाव निरनिराळ्या दुकानांत साधारण एकाच दिवशी उतरतो. मोबाईलवरच्या बाजारपेठेला आणखी एक बंधन आहे. परदेशी भांडवल असलेल्या बाजारपेठेने मालाच्या किमतीवर आपला प्रभाव टाकू नये, असे केंद्र सरकारने २६ डिसेंबर २०१८ रोजी स्पष्ट केले आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून ते अमलात आले. म्हणजे कागदोपत्री तरी तिथली सूट ही त्या बाजारपेठेची नसते; विक्रेत्याची, कंपनीची किंवा बँकेची असते. खरेदी करताना विक्रेता कोण ते वाचावे असे मी म्हणतो ते यासाठीच. बाजारपेठ ही बाजाराची जागा आहे. बैल विकणारा निराळा असतो.

आणि एक वाटेकरी असा आहे की तो सूट देत नाही. लॅपटॉपवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. ४८,५०० च्या किमतीत ४१,१०२ रुपये यंत्राचे आणि ७,३९८ रुपये कराचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून कराचे दर बदलले, मोठे टीव्ही आणि वातानुकूलन यंत्रे २८ वरून १८ टक्क्यांवर आली, आणि सगळीकडे ‘कर उतरला, भाव उतरला’ असे फलक लागले. लॅपटॉप आधीपासूनच १८ वर होता, तिथेच राहिला. त्या दिवाळीत कुणी ‘जीएसटी कमी झाला म्हणून स्वस्त’ असे सांगून लॅपटॉप दिला असेल, तर भाव कदाचित खरा असेल. कारण खोटे होते.

आता ज्या ठिकाणी मी स्वतः फसलो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी शाळेच्या कामासाठी मी सणात एक लॅपटॉप घेतला. मित्राकडे होता तसाच, तेच नाव, तोच रंग, आणि भाव तीन हजारांनी कमी. दुकानाचे नाव घेत नाही, त्यांनी बिल चोख दिले होते. घरी आल्यावर दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा लक्षात आले की माझ्या यंत्राच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर मॉडेल क्रमांकाची शेवटची दोन अक्षरे निराळी आहेत. मित्राच्या यंत्रात सोळा जीबी रॅम, माझ्यात आठ. त्याचा पडदा कडेने पाहिला तरी नीट दिसे, माझ्यावर थोडे बाजूला बसले की चित्र काळवंडे. वर्गात दहा मुले भोवती बसवून काही दाखवावयाचे म्हणजे पंचाईत. कोणी खोटे बोलले नव्हते. मी अक्षरे वाचली नव्हती, एवढेच.

सणासाठी म्हणून खास मॉडेले निघतात ती अशी. नाव तेच, शेपूट निराळे. म्हणून तुलना करावयाची तर संपूर्ण मॉडेल क्रमांकाची करावी. प्रोसेसरच्या नावाचेही तसेच आहे. इंटेलचे ‘आय-फाइव्ह’ हे घराण्याचे नाव झाले. पिढी पुढच्या आकड्यात असते. ११३५ म्हणजे अकरावी पिढी, १२३५ म्हणजे बारावी, १३३५ म्हणजे तेरावी. २०२३ च्या अखेरीस इंटेलने नावांची ही पद्धतच बदलली, त्यामुळे घोळ आणखी वाढला. एएमडीच्या रायझेन ७५२० मध्ये पहिला आकडा सात पाहून ते ७५३० च्या बरोबरीचे वाटते. पण ७५२० च्या आतली रचना २०१९ च्या पिढीची, ७५३० ची त्यानंतरची. हे सगळे पाठ करावे असे मी म्हणत नाही. पण ‘आय-फाइव्ह आहे’ एवढ्यावर मान डोलावू नये. गाय घेताना ‘गवळाऊ आहे’ म्हटल्यावर आपण दात पाहायचे सोडत नाही.

खोक्यावर आणखी एक गोष्ट कायद्याने छापलेली असते : कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी तयार झाले ते. ती वाचावी. दीड वर्ष गोदामात पडलेला माल असेल तर सूट मागण्यास तुम्हाला कारण मिळते, कारण बॅटरी न वापरताही म्हातारी होत जाते.

यानंतर हप्त्यांचा भाग येतो, आणि इथे मला जरा थांबावयाचे आहे. आपल्या भागात रोख घेणारे कमी आणि हप्त्याने घेणारे जास्त होत चालले आहेत. जाहिरातीत लिहितात ‘बिनव्याजी हप्ते’. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात या ‘शून्य टक्के व्याजा’वर बोट ठेवले होते. व्याज नाही असे म्हणावयाचे आणि ते प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली दडवून घ्यावयाचे, हे चालणार नाही असा तिचा रोख होता. तेव्हापासून रीत बदलली. आता बहुधा असे करतात की व्याजाएवढी सूट वस्तूच्या किमतीत आधी देतात आणि मग बँक उरलेल्या रकमेवर रीतसर व्याज लावते.

उदाहरण घेऊ. हिशेबाच्या सोयीसाठी लॅपटॉप ४८,००० चा धरू, सहा हप्ते, दरमहा ८,०००. क्रेडिट कार्डाचा व्याजदर सालीना १५ टक्के असेल तर बँकेने प्रत्यक्षात कर्ज दिले ते सुमारे ४५,९६८ रुपयांचे, आणि व्याज झाले २,०३२. म्हणजे विक्रेत्याने २,०३२ ची सूट दिली आणि बँकेने ती व्याज म्हणून परत घेतली. गिऱ्हाइकाला वाटले, व्याज नाही. पण त्या व्याजावर १८ टक्के कर लागतो, तो ३६६ रुपये तुमच्याकडून जातो. प्रक्रिया शुल्क १९९ असेल तर त्यावरचा कर धरून आणखी २३५. बिनव्याजी हप्त्यांचा लॅपटॉप ४८,६०१ ला पडला. ही रक्कम काही डोंगराएवढी नाही. हप्त्यांच्या सोयीसाठी सहाशे रुपये देणे एखाद्याला परवडेलही. पण खरा प्रश्न पुढे आहे. विक्रेता हप्तेवाल्यासाठी २,०३२ सोडू शकतो, तर रोख देणाऱ्याला ते का सोडत नाही? विचारून पाहावे. पुष्कळदा नकार येतो, कधी कधी येत नाही, आणि विचारायला पैसे पडत नाहीत.

बँकेच्या दहा टक्के सवलतीचेही बारीक अक्षर वाचावे. दहा टक्के लिहिलेले असते, शेजारी ‘जास्तीत जास्त’ अमुक रुपये असेही लिहिलेले असते. अमुक बँकेचेच कार्ड हवे असते. जिल्हा सहकारी बँकेत खाते असलेल्या धानकऱ्याजवळ ते कार्ड नसते. मग सूट जाहिरातीत सर्वांना दिसते आणि मिळते काहींना. एक सावधगिरी सांगतो : अशा वेळी नोकरदार नातेवाइकाचे कार्ड वापरले जाते आणि बिल त्याच्या नावाने निघते. बिल ज्याच्या नावाने, हमीचे आणि तक्रारीचे भांडण त्याचे. मुलाच्या किंवा स्वतःच्या नावाने बिल होईल असे आधीच पाहावे.

आता या सणाच्या विक्रीचा थोडा इतिहास. मोबाईल-संगणकावरच्या दिवाळी विक्रीचा मोठा गाजावाजा झाला तो ६ ऑक्टोबर २०१४ रोजी, फ्लिपकार्ट कंपनीच्या ‘बिग बिलियन डे’ला. दहा तासांत सुमारे सहाशे कोटी रुपयांची विक्री झाल्याचे कंपनीने सांगितले. पण त्याच दिवशी माल संपल्याच्या, मागणी रद्द झाल्याच्या आणि भाव बदलल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या दोन्ही संस्थापकांना गिऱ्हाइकांची जाहीर माफी मागावी लागली. काही वस्तूंचे भाव काही तास बिगरसवलतीच्या दरावर गेले होते हे त्यांनी कबूल केले.

याच्या उलट गोष्ट अमेरिकेतली आहे, आणि ती मला अधिक विचार करावयास लावते. जे. सी. पेनी नावाच्या जुन्या दुकानसाखळीचा कारभार रॉन जॉन्सन नावाच्या गृहस्थाकडे आला. त्याने २०१२ साली ठरवले की ही आकडे फुगवून सूट देण्याची पद्धत बंद. रोज एकच सरळ, कमी भाव. वास्तविक गिऱ्हाइकांनी त्याला हार घालावयास हवे होते. घडले असे की त्या वर्षात विक्री सुमारे चतुर्थांशाने घटली, आणि एप्रिल २०१३ मध्ये त्याला जावे लागले. त्याच्या अपयशाला इतरही कारणे होती. तरी एवढे दिसते की लोकांना कमी भाव हवा असतो त्याहून ‘कमी केलेला’ भाव हवा असतो. आठवडी बाजारात वांग्यांचा भाव दोन रुपयांनी पाडून घेतल्यावर आपल्याला जे समाधान वाटते, तेच ते. तेव्हा सगळा दोष कंपन्यांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही.

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे येतो. कंपन्यांचे पंचांग पगारदारांच्या पंचांगाशी जुळवलेले आहे. चंद्रपूर-बल्लारपूर-घुग्गुस पट्ट्यातल्या कोळसा खाणींत कामगारांना दसऱ्याच्या आधी वार्षिक बक्षिसी मिळते. २०२५ साली ती लाखाच्या वर गेली. सरकारी नोकरांना सणाची अग्रिम रक्कम मिळते. म्हणून दसरा ते दिवाळी या वीस दिवसांत जाहिरातींचा पूर येतो. पण मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी, कुरखेडा इकडच्या धानकऱ्याचा पैसा त्या वेळी बांधीत उभा असतो. कापणी, चुरणी, मग खरेदी केंद्राची रांग, मग खात्यात रक्कम, असे करता करता पौष उजाडतो. एटापल्ली-भामरागडकडे तेंदूपानाचा पैसा उन्हाळ्याच्या अखेरीस येतो, आणि पेरणी व शाळा दोन्ही एकदम त्याच्यावर तुटून पडतात. म्हणजे ज्या महिन्यात भाव उतरतो त्या महिन्यात इकडे पैसा नसतो. त्या मंडईतल्या भाऊंनाही उधारी करूनच लॅपटॉप घ्यावा लागला असता. दरमहा शेकडा तीन टक्क्यांनी सावकाराकडून ४८,५०० काढले तर तीन महिन्यांत ४,३६५ रुपये व्याज होते, आणि दिवाळीची खरी सूट होती ३,५००. सूट गेलीच, वर ८६५ रुपये पदरचे गेले.

मग काय करावे? प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला, जानेवारीत, आणखी एक सवलतीची लाट येते. ती दिवाळीएवढी मोठी असतेच असे नाही, पण तेव्हा धानाचा पैसा हातात असतो आणि मागच्या वर्षीचा माल गोदामात उरलेला असतो. थांबण्यात नेहमीच फायदा असतो असे मात्र समजू नये. २०११ साली थायलंडात महापूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर हार्ड डिस्क महागल्या. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांकडे मेमरी चिप्सचा ओघ वळला आणि रॅमचे भाव भडकले. त्या वर्षी दिवाळीत घेतले ते शहाणे ठरले. शिवाय यंत्रातले बहुतेक महत्त्वाचे भाग परदेशातून येतात. रुपया उतरला की भाव चढतो.

विकण्याच्या बाजूने आपल्या जंगलातल्या माणसाने ही विद्या आत्मसात केलेली आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर गडचिरोलीतल्या कित्येक ग्रामसभा बांबू-तेंदूचे व्यवहार स्वतः करू लागल्या. निविदा मागवायच्या, सर्वांसमक्ष उघडायच्या, आकडे शेजारी मांडायचे, पटले नाही तर थांबायचे. घेण्याच्या बाजूनेही हेच करता येते. एका केंद्रातल्या दहा-बारा शिक्षकांना लॅपटॉप घ्यावयाचे असतील तर त्यांनी एकच मॉडेल ठरवून चंद्रपूर-नागपूरच्या तीन दुकानांकडून लेखी भाव मागवावा. एकट्याला न मिळणारा भाव बारा जणांना मिळण्याचा संभव असतो.

पोच कुठपर्यंत आहे हेही पैशातच मोजावे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, हे मोबाईलवरच्या बाजारपेठेला ठाऊक नसते. सिरोंच्याहून दुरुस्तीसाठी नागपूर गाठावयाचे म्हणजे एका दिवसाचे काम नव्हे. दोन फेऱ्यांत साडेतीन हजारांची सूट संपते. कंपनीचा माणूस घरी येऊन दुरुस्ती करील अशी हमी असेल, तर ती आपल्या पिनकोडला लागू आहे का ते आधी विचारावे.

फसवणूक झालीच तर वाटा आहेत. ग्राहक मदतीचा दूरध्वनी क्रमांक १९१५. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. गडचिरोलीच्या माणसाने विक्रेत्याच्या मागे बंगळूरला जाण्याची गरज नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तक्रारीचे शुल्क नाही. ‘फक्त दहा मिनिटे शिल्लक’ अशी खोटी घाई करणे, शेवटच्या पायरीवर छुपा आकार वाढवणे, या युक्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. जाहिरातीचे चित्र आणि बिल मात्र जपून ठेवावे. सण संपला की जाहिरात गायब होते.

धानकरी भाऊंनी त्या दिवाळीत लॅपटॉप घेतला नाही. मुलाने वहीत त्याच मॉडेलचा भाव दर रविवारी लिहून ठेवायला सुरुवात केली. त्याचे पाहून आमच्या शाळेतल्या सातवीच्या वर्गानेही एक भाव धरला, आणि पावसाच्या नोंदीच्या तक्त्याशेजारी भिंतीवर त्याचा आलेख चिकटवला. मंडईच्या आठवड्यापासून संक्रांतीपर्यंत रेघ दोनदा खाली आली, एकदा वर गेली. मकरसंक्रांतीनंतर आठ-दहा दिवसांनी भाऊ शाळेत आले. चुकाऱ्याचे पैसे खात्यात जमा झाले होते. भिंतीपाशी उभे राहून त्यांनी ती रेघ बोटाने माग काढावा तशी शेवटापर्यंत नेली आणि विचारले, “आता खालीच हाय ना जी?”